निरोपाचे भंगार

भंगारवाल्याचा टेम्पो आला की काट्याजवळ उभे राहून वजन लिहून घेणे हे माझे काम. भोसरीतल्या आमच्या लहानशा वर्कशॉपमध्ये हिशेब आणि डिस्पॅच ही दोन्ही कामे मीच पाहते. त्यामुळे गेटबाहेर पडणारा माल, मग तो खोक्यातून जावो की पोत्यातून, माझ्या वहीत नोंद होऊनच बाहेर पडतो. एरवी भंगार म्हणजे मशीनखालचा कीस, कूलंटने ओला झालेला, आंबूस वासाचा. बारचे उरलेले तुकडे. झिजलेल्या इन्सर्टचा, म्हणजे धातू कापणाऱ्या छोट्या पात्यांचा, डबा. त्या दिवशी मात्र काट्यावर नवेकोरे बुश, म्हणजे आसाभोवती बसणारे धातूचे पोकळ गोल तुकडे, चढले. कडांवरची खरखरीत बर काढलेले, पुसलेले, तेलाचा हात फिरवलेले, क्रेटमध्ये ओळीने रचलेले. भंगारवाल्यानेसुद्धा एक उचलून उजेडात धरला आणि माझ्याकडे पाहिले. रात्रपाळीचा ऑपरेटर, लातूरकडचा एक तरुण मुलगा, पाळी संपूनही घरी न जाता तिथेच उभा होता. त्याने क्रेटमधला एक बुश घेतला, वेस्टने पुसला, व्हर्नियर लावला आणि माप माझ्यासमोर धरले. शेजारी मशीनवरचे ड्रॉइंग धरले. माप तंतोतंत होते. “मॅडम, रिजेक्शनच्या रकान्यात माझं नाव आहे,” तो म्हणाला, “माझं चुकलं काय, तेवढं तरी लिहा.”

रिजेक्शनच्या फॉर्मवर कारणाचा रकाना असतो. त्यात माप जास्त, माप कमी, फिनिश खराब, मटेरियल दोष अशी कारणे छापलेली असतात. त्याच्या प्रश्नाला लागू पडेल असे त्यात काहीच नव्हते. शेवटी मी ‘इतर’वर खूण केली, आणि तेव्हापासून ती खूण मला खुपत राहिली आहे.

झाले होते ते असे. ग्राहक कंपनीने त्या बुशवरची खाच दोन मिलिमीटर आत सरकवली होती आणि तसे नवे ड्रॉइंग मेलने पाठवले होते. त्यांच्या माणसाने आमच्या मालकांना फोनवर सांगितले की पुढचा लॉट नव्या रिव्हिजनप्रमाणे द्या. मालक तेव्हा गाडी चालवत होते. त्यांनी सुपरवायझरला फोन करून सांगितले, “त्या बुशचं काम आजच लावा, खाचेत काहीतरी बदल आहे, मेल बघा.” सुपरवायझर त्या वेळी दुसऱ्या मशीनच्या ब्रेकडाउनमध्ये कोपरापर्यंत बुडालेले होते. त्यांनी सेटरला, म्हणजे काम मशीनवर लावून देणाऱ्याला, सांगितले, “बुशचा नेहमीचा प्रोग्रॅम लाव, खाच तेवढी बघून घे.” सेटरने प्रोग्रॅम लावला, पहिला पीस काढला, खाच मशीनवरच्या ड्रॉइंगशी ताडून पाहिली आणि घरी जाता जाता रात्रीच्या मुलाला बजावले, “खाचेकडे लक्ष ठेव.” त्याने रात्रभर खाचेकडे लक्ष ठेवले. प्रत्येक क्रेटमागे माप घेतले, कागदावर लिहिले, खाली सही केली. नवे ड्रॉइंग तोवर ऑफिसच्या संगणकात मेलला जोडलेले तसेच पडून होते, आणि ऑफिस सहा वाजता बंद झाले होते. खाच उथळ राहिली असती तर पुन्हा मशीनवर चढवून सुधारता आली असती. ती चुकीच्या जागी पडली की त्या बुशचा काहीही उपयोग उरत नाही.

यातला कोणीही खोटे बोललेला नाही, कोणी आळस केलेला नाही.

हिशेबाच्या बाजूने पाहिले तर ही गोष्ट आणखी विचित्र दिसते. त्या रात्री वाया गेलेला बार, झिजलेले इन्सर्ट, वीज, मशीनचे तास, मग नवा लॉट वेळेत जावा म्हणून रविवारी लावलेला ओव्हरटाइम आणि अर्ध्या भरलेल्या टेम्पोचे पूर्ण भाडे, हे सगळे माझ्या खातेवहीत आपापल्या जागी जाऊन बसते: कच्चा माल, टूल्स, वीजबिल, पगार, वाहतूक. ‘निरोप नीट पोहोचला नाही’ या नावाचे खाते कुठेही नसते. उलट भंगार विकले की अठरा टक्के जीएसटी लावून त्याचे रीतसर बिल होते आणि ती रक्कम वर्षअखेरीस ‘इतर उत्पन्ना’त जमा दिसते. चुकीच्या निरोपाची एकमेव नोंद नफा-तोटा पत्रकात उत्पन्नाच्या बाजूला असते, हे मी ज्याला ज्याला सांगते तो हसतो. पण ते खरेच तसे आहे. खर्च अशा रीतीने पाच खात्यांत वाटला गेला की तो कोणालाच मोठा वाटत नाही, आणि जे मोठे वाटत नाही त्यावर कोणी बैठक बोलावत नाही.

टोयोटाच्या कारखान्यांत उत्पादनाची पद्धत घडवणाऱ्या ताइइची ओनो यांनी वाया जाण्याचे सात प्रकार सांगितले: गरजेपेक्षा जास्त बनवणे, वाट पाहणे, मालाची विनाकारण ने-आण, नको तितकी प्रक्रिया, साठा, माणसांच्या अनावश्यक हालचाली आणि सदोष माल. आमच्या भिंतीवरही ही यादी फ्रेम करून लावलेली आहे. कुठल्याशा ऑडिटच्या आधी ती आली. मी त्या यादीसमोर बसूनच जेवते, म्हणून ती मला पाठ आहे. त्या बुशच्या निमित्ताने मी एकेक प्रकार लावून पाहिला तर जवळपास सगळेच त्या एका रात्रीत आणि नंतरच्या रविवारी येऊन गेले होते. मात्र ज्या वाक्यापासून हे सुरू झाले, ते ‘बघून घे’, या सातांपैकी कुठल्याच नावाखाली येत नाही. ते कीस नाही, त्याला वजन नाही, ते झाडून एका कोपऱ्यात गोळा करता येत नाही.

प्रशिक्षणाच्या वर्गात मोठमोठी उदाहरणे सांगतात. उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलफलाटावर ६ जुलै १९८८ रोजी एका पंपाची सुरक्षा झडप दुरुस्तीसाठी काढली होती, काम संध्याकाळपर्यंत पुरे झाले नाही, आणि उघड्या पाइपला तात्पुरते झाकण लावून दिवसपाळी गेली. रात्री दुसरा पंप बंद पडल्यावर रात्रपाळीने हा पंप सुरू केला. झडप जागेवर नाही हे त्यांच्यापर्यंत पोहोचलेले नव्हते. १६७ माणसे गेली. लॉर्ड कलेन यांच्या चौकशी अहवालात पुढे १०६ शिफारशी आल्या, आणि दुरुस्तीचे परवाने व पाळी बदलताना द्यायची माहिती हा त्यातला महत्त्वाचा भाग होता. हे ऐकताना वर्गात सगळे गंभीर होतात, मग चहा येतो. मला या उदाहरणांची थोडी भीती वाटते, ती वेगळ्या कारणाने. एवढी मोठी आग समोर ठेवली की आपले तीन क्रेट बुश अगदीच क्षुल्लक होऊन बसतात आणि ‘आपल्याकडे असं काही होत नाही’ अशा समाधानात माणसे परत मशीनवर जातात. दोन्ही ठिकाणी पाळी बदलण्याची तीच दहा मिनिटे असतात, हे मात्र विसरले जाते.

आमच्याकडच्या त्या दहा मिनिटांचे वर्णन केले पाहिजे. जाणाऱ्याचे हात अजून तेलकट असतात आणि लक्ष बसच्या वेळेकडे. येणारा नुकताच डबा ठेवून, टोपी चढवत आलेला असतो. कॉम्प्रेसर चालू असल्यामुळे प्रत्येक वाक्य ओरडून बोलावे लागते. ड्रॉइंग इंग्रजीत, सुपरवायझर मराठीत, सेटर हिंदीत, आणि रात्रपाळीतली निम्मी मुले आपसात ओडिया नाहीतर भोजपुरी बोलणारी. या गोंगाटात जे सांगितले जाते ते अर्थातच तुटक असते: “चालू आहे तेच चालव.” “तो जरा त्रास देतोय, ऑफसेट दे.” “साहेब म्हणाले तसं कर.” आणि शेवटी, जवळपास नेमाने, “समजलं ना?” याला आमच्या वर्कशॉपमध्ये एकच उत्तर आहे. “हो.”

हे ‘हो’ कुठून येते याचा मी बराच विचार केला आहे. नाही म्हणायला वाव नसतो म्हणून ते येते, हे सरळच आहे. पण त्याहून खोल काहीतरी आहे. आपल्याकडे शाळेपासून ‘परत सांगा’ म्हणणाऱ्याकडे वर्ग वळून पाहतो. घरात मोठ्यांनी एकदा सांगितलेले दुसऱ्यांदा विचारले की “लक्ष कुठे होतं?” असा उलट प्रश्न येतो. कामावर लागल्यावर विचारणाऱ्याला काम येत नाही असे धरले जाते, आणि कंत्राटी मुलाच्या बाबतीत तर काम येत नाही असे ठरणे म्हणजे पुढच्या महिन्याची खात्री जाणे. विचारण्याची किंमत विचारणाऱ्याने लगेच, सगळ्यांसमोर भरायची असते. न विचारण्याची किंमत नंतर कधीतरी येते आणि ती कंपनी भरते. असा सौदा समोर असताना तो मुलगा ‘हो’ म्हणतो, तर त्याला मूर्ख कसे म्हणायचे?

सांगणाऱ्याची बाजू त्याहून सोयीची असते. मोघम सांगण्यात प्रत्येक वेळी घाईच असते असे मला वाटत नाही. पुष्कळदा त्यात सावधपणा असतो. ‘खाच बघून घे’ म्हणणाऱ्याने एक जबाबदारी पुढे ढकललेली असते. माल बरोबर निघाला तर त्याने सांगितले होते म्हणून, चुकला तर त्याने बघून घ्यायला सांगितलेच होते. सरकारी फायलीवर ‘नियमानुसार योग्य ती कार्यवाही करावी’ असा शेरा मारला जातो, तेव्हा कोणता नियम आणि कोणती कार्यवाही हे खालच्या टेबलाने शोधायचे असते. फाइल ‘चर्चा करावी’ म्हणून वर जाते आणि ‘चर्चेप्रमाणे’ म्हणून खाली येते, आणि चर्चेत काय झाले ते कागदावर कधीच उतरत नाही. खासगी कंपन्यांत हेच काम बैठकी करतात. दोन तासांच्या बैठकीनंतर दोघेजण चहाच्या टपरीवर एकमेकांना विचारत असतात की मग नक्की ठरले काय. स्पष्ट वाक्य बोलणारा माणूस त्या वाक्याला बांधला जातो, आणि बांधले जायला कोणालाच आवडत नाही. संवादकौशल्याच्या कार्यशाळांनी हे सुटत नाही असे माझे मत आहे. कारण ज्याला स्पष्ट बोलता येते तोही, गरज पडल्यावर, मोघम बोलायचे ठरवू शकतो.

माझे मामा रेल्वेत स्टेशन मास्तर होते. मराठवाड्यातल्या एका लहान स्थानकावर त्यांची बदली असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिथे राहायला जायचो. एकेरी मार्ग, दिवसाला मोजक्या गाड्या, आणि बाकीचा वेळ कडुलिंबाच्या सावलीत डुलणारा फलाट. मामांच्या खोलीत लाल रंगाचे एक अवजड यंत्र होते. शेजारच्या स्थानकाच्या मास्तरांनी त्यांच्याकडून साथ दिल्याशिवाय त्या यंत्रातून टोकनचा गोळा बाहेर पडत नसे, आणि तो गोळा हातात आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी पुढच्या टप्प्यात नेत नसे. गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला. न थांबणारी गाडी असली की पॉइंट्समन ते कडे वर धरून फलाटाच्या कडेला उभा राही आणि इंजिनातला माणूस ते हात घालून उचलून घेई. मला तेव्हा तो खेळ वाटायचा. आता वाटते की परवानगी या गोष्टीला वजन आणि आकार देण्याचा तो प्रकार होता: ती एकतर हातात आहे किंवा नाही, ‘बहुतेक आहे’ असे म्हणायला जागाच नाही.

त्याहून मला आठवतो तो फोन. फाटकावरच्या गेटमनला गाडी येत असल्याचे कळवायचे, त्याने फाटक बंद करून कुलूप घालायचे आणि मग मामांना एक नंबर द्यायचा. प्रायव्हेट नंबर. त्याच्याजवळच्या छापील कागदावर दोन आकडी अंक उलटसुलट क्रमाने दिलेले असत. त्यातला पुढचा अंक सांगायचा आणि खोडायचा. मामा तो अंक परत उच्चारत, एकेक आकडा सुटा करून, आणि नोंदवहीत वेळेसह लिहीत. शेजारच्या स्थानकाशी लाइन क्लिअरचे, म्हणजे पुढचा मार्ग मोकळा असल्याचे, बोलणेही त्याच शिस्तीने होई. मामांचा आवाज चढा होता, स्वभाव तापट. घरात एकदा सांगितलेले पुन्हा सांगायची वेळ आली की त्यांच्या कपाळावर आठी पडे. पण फोनवर त्या गेटमनने अंक परत विचारला तर ते शांतपणे परत सांगत, हवे तितक्या वेळा. मी एकदा विचारले होते, तुम्हाला राग येत नाही का? ते म्हणाले, “तो मला कुठं विचारतोय? तो पुस्तकाप्रमाणं विचारतोय.”

हे उत्तर मला तेव्हा कळले नव्हते. रेल्वेने परत विचारण्यातला माणूस काढून घेतला होता. गेटमन धीट आहे की भित्रा, मास्तर तापट आहेत की मायाळू, यावर ते विचारणे अवलंबून नव्हते. विचारले नाही तर नियम मोडला जाई. विचारल्याने कोणाचा पाणउतारा होत नसे. इंजिनात दोन माणसे असतात, तिथेही सिग्नलचा रंग एकाने उच्चारायचा आणि दुसऱ्याने तो परत उच्चारायचा, अशी रीत आहे. दोघांनाही दिसत असलेला रंग मोठ्याने बोलून दाखवायचा, यात बाहेरच्याला गंमत वाटेल. पण त्यामुळे ज्युनिअर माणसाला सीनिअरची चूक दाखवताना धाडस गोळा करावे लागत नाही, ती बोलण्याच्या ओघातच दिसून येते. हे धाडस वेळेवर जमतेच असे नाही. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफच्या विमानतळावर धुक्यात दोन जंबो जेट धडकली आणि ५८३ माणसे मरण पावली. त्यात उड्डाणासाठी धावत सुटलेल्या विमानात फ्लाइट इंजिनिअरने समोरचे विमान धावपट्टीवरून हटले नाही का, असे विचारले होते. कॅप्टनने ठामपणे ‘हटले’ म्हटले आणि तो विषय तिथेच संपला. त्यानंतर विमानांच्या संभाषणात ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा आणि मिळालेली परवानगी वैमानिकाने शब्दशः परत म्हणून दाखवायची, यावर कटाक्ष आला. म्हणजे तिथेही शेवटी माणसांना धीट करण्यापेक्षा वाक्याला चाकोरी घालून देणे भाग पडले.

बुशच्या प्रकरणानंतर आमच्याकडे जे बदल झाले ते फारसे थोर नाहीत. जुन्या रिव्हिजनचे ड्रॉइंग मशीनवरून काढून ऑफिसात जमा केल्याशिवाय नवे मिळत नाही. एक द्यायचे आणि एक घ्यायचे. सेटरने तपासून सही केलेला पहिला पीस तारेला टॅग लावून मशीनवर टांगून ठेवायचा, कारण ड्रॉइंग न वाचता येणारालाही तो पीस वाचता येतो. आणि सुपरवायझरांनी ‘समजलं ना?’ हा प्रश्न विचारायचा नाही. ‘काय करणार आहेस ते सांग’ असे म्हणायचे. यातला तिसरा बदल सर्वांत स्वस्त होता आणि सर्वांत अवघड गेला. पहिले काही दिवस सुपरवायझर ते वाक्य तोंडी परीक्षा घेतल्यासारखे म्हणत आणि मुले पाठ केलेले उत्तर द्यावे तशी मान खाली घालून बोलत. मग एके दिवशी एका मुलाने सांगताना चुकीचे माप सांगितले, आणि सुपरवायझरांच्या लक्षात आले की ते माप त्यांनीच तसे सांगितले होते. ते जोरात हसले. त्यांच्या हसण्याने जेवढे काम झाले तेवढे माझ्या कुठल्याही फॉर्मने झाले नसते, हे मला मान्य करावेच लागेल.

फॉर्मबद्दल माझे मन साशंक आहे, जरी माझे अर्धे आयुष्य त्यांतच जाते. पाळी बदलताना भरायचे एक रजिस्टर आम्ही सुरू केले. महिन्याभरात त्यात ‘सर्व ओके’, ‘सर्व ओके’ अशी एका हस्ताक्षरातली, एका पेनाची, आठवडाभराची ओळ दिसू लागली. कोणीतरी सोमवारीच शनिवारपर्यंतचे भरून मोकळे झाले होते. ऑडिटच्या आदल्या रात्री रजिस्टरे भरत बसलेली माणसे ज्याने पाहिली आहेत त्याला यात नवल वाटणार नाही. अस्पष्टपणाची नासाडी थांबवायला आणलेला कागद स्वतःच नासाडी होऊन बसतो, आणि वर तो सहीशिक्क्याचा असल्यामुळे त्याला भंगारातही काढता येत नाही. आता त्या रजिस्टरात एकच रकाना ठेवला आहे: ‘आज काय बदलले?’ काही बदलले नसेल तर लिहायचेच नाही. पाने कोरी राहतात, ऑडिटरला ते आवडत नाही, पण जे लिहिलेले असते ते वाचले जाते.

त्या मुलाचे नाव मी रिजेक्शनच्या रकान्यातून काढून घेतले. कारणाच्या जागी ‘नवे ड्रॉइंग मशीनवर पोहोचले नव्हते’ असे पूर्ण वाक्य लिहिले आणि मालकांची सही घेतली. सही करताना ते थोडे थांबले, एवढेच. तो मुलगा नंतर चाकणला दुसऱ्या कंपनीत गेला. तिथे पगार जास्त होता.

राहते ती गेटबाहेरची बाजू. आत आम्ही परत विचारण्याचा नियम केला, पण ग्राहकाचा फोन आला की मालकांचा स्वतःचा आवाज बदलतो. “हो साहेब, होऊन जाईल साहेब.” मेलवर कळवा असे म्हटले तर तिकडून “एवढाही विश्वास नाही का?” असे ऐकू येते, आणि ज्याच्या ऑर्डरवर वर्कशॉप चालते त्याला अविश्वास दाखवण्याची आमची ऐपत नाही. म्हणून त्यांचा फोन संपला की ते मला काय बोलणे झाले ते सांगतात आणि मी मेल लिहिते: आपल्या आजच्या दूरध्वनीनुसार आम्ही पुढीलप्रमाणे समजलो आहोत, अमुक रिव्हिजन, अमुक माप, अमुक संख्या, यात काही फरक असल्यास आज सायंकाळी पाचपर्यंत कळवावे, अन्यथा काम सुरू करत आहोत. भाषा शक्य तितकी नम्र ठेवते. एकदा या मेलमुळे त्यांच्याच माणसाची चूक त्यांच्या लक्षात आली, आणि त्याचे त्यांना फारसे कौतुक वाटले नाही. एरवी उत्तर बहुधा येत नाही. पाच वाजता मी सुपरवायझरांना फोन लावते आणि ते बार कापायला घेतात.